लिव्हरचा रिपोर्ट: रक्त देण्याआधीपासून डॉक्टरांपुढे बसेपर्यंत

"मॅडम, लिव्हर किती टक्के खराब आहे?" रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर हा प्रश्न रोज येतो. लिव्हरच्या रक्ततपासणीत टक्क्यांचा रकानाच नसतो. दहा-बारा आकडे असतात आणि ते सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. एसजीओटी-एसजीपीटी सांगतात की पेशींना मार बसतोय का. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी सांगतात की पित्ताची वाट मोकळी आहे का. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) सांगतात की लिव्हरकडून रोजचं काम होतंय का. माणसं घाबरतात पहिल्या जोडीला, कारण ती बहुतेक वेळा ठळक छापून येते. डॉक्टर घाबरतात तिसऱ्या जोडीला.

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अख्खी नोकरी नळ्या, मशीन आणि ही खिडकी यांच्यात गेली. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांनीच करायचं. पण रिपोर्ट बरोबर यावा म्हणून तुम्ही काय करायचं आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यात काय बघून ठेवायचं, ते मी सांगू शकते.

रक्त द्यायला येण्याआधी

नुसत्या लिव्हरच्या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी लिहिलेली असते म्हणून आम्ही सकाळी चहासुद्धा न घेता बोलावतो. तरी भजी-वडे खाऊन येऊ नका. ओ आणि बी रक्तगटाच्या काही माणसांत तेलकट खाण्यानंतर अल्कलाइन फॉस्फटेज काही तास वाढलेलं दिसतं.

उपासानेही घोटाळा होतो. काही लोकांत जन्मतःच बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी मोडून तयार होणारं पिवळं द्रव्य, निपटण्याची गती कमी असते. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात आणि तो निरुपद्रवी असतो. अशा माणसाने कडक एकादशी केली की दुसऱ्या दिवशी बिलिरुबिन दोनच्या वर गेलेलं असू शकतं, बाकी सगळे आकडे जागच्या जागी. मग घरात कावीळ-कावीळ म्हणून धावपळ. उपास सोडा, दोन दिवस नीट जेवा आणि मग या.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे वारी करून आलेली मंडळी 'आता एकदा सगळं चेक करून टाकू' म्हणून आषाढीनंतर लगेच येतात. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाललेल्या पायांच्या स्नायूंतूनही एसजीओटी रक्तात उतरतं, थोडं एसजीपीटीसुद्धा. सोबत स्नायूंची सीपीके तपासणी लावली की उलगडा होतो. तालमीत नव्याने जोर-बैठका सुरू केलेल्या पोरांचं हेच, आणि कमरेत इंजेक्शनं घेऊन आलेल्यांचंही. आठवडाभर अंगाला विश्रांती द्या, मग रक्त द्या. एसजीओटी १९५४ साली पुढे आली तीच मुळी हार्ट अटॅक ओळखायला. हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंतही ते एन्झाइम असतं, म्हणून नुसतं एसजीओटी वाढलं की लिव्हरवर खापर फोडायचं नाही. एसजीपीटी त्या मानाने लिव्हरचं जास्त सख्खं.

चालू गोळ्यांची यादी लिहून आणा. टीबीची औषधं, फिट्सच्या गोळ्या, मेथोट्रेक्झेट, दुखण्यासाठी घेतलेलं पॅरासिटामॉल, सगळं. जिमची पावडर आणि काढेसुद्धा. 'ते आयुर्वेदिक आहे हो, त्याचं काय सांगायचं' असं म्हणून लोक नेमकं तेच गाळतात. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद असेल, पण डॉक्टरांच्या कानावर घालायला काय जातंय? दारूचंही खरं सांगा. लॅबमधून तुमच्या घरी कोणी कळवायला जात नाही.

नळीत काय चालतं

लिव्हरच्या मूळ तपासण्या पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीत होतात. पीटी-आयएनआर निळ्या टोपणात, प्लेटलेट जांभळ्या टोपणात. या तीन नळ्यांपैकी निळी सगळ्यात नखरेल. तिच्या तळाशी ०.३ मिली सायट्रेटचं पाणी आधीच असतं आणि त्यात बरोबर २.७ मिली रक्त पडावं लागतं, म्हणजे नऊला एक. नळीवर खूण असते. रक्त खुणेखाली राहिलं तर सायट्रेट जास्त होतं, गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबतो आणि धडधाकट माणसाचा आयएनआर वाढून येतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा निळी नळी अर्धी भरून निघाला, तर त्याला थांबवा आणि खूण दाखवा. तुमचा हक्क आहे तो.

रक्त गोठल्यावर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर सिरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, तरंगतं. निरोगी सिरम फिकट गव्हाळ, गाळलेल्या जवसाच्या तेलासारखं दिसतं. कावीळ असली की गडद पिवळं. जेवून आलेल्या, चरबी जास्त असलेल्या माणसाचं दुधी. आणि कधी गुलाबी-लालसर निघतं, तेव्हा आमचं तोंड कडू होतं. शीर नीट सापडली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी खडखडा हलवली किंवा उन्हात राहिली, की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं एसजीओटी सिरममध्ये येतं, पोटॅशियमही वाढतं. अशा सिरमवर रिपोर्ट देण्यापेक्षा आम्ही पुन्हा बोलावतो. "काय ओ मॅडम, परत टोचणार?" म्हणून आजोबा चिडतात, पण परत बोलावणारी लॅब बरी, गुपचूप आकडा छापणारी नको.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट अशा गावांतून सँपल दुचाकीच्या डिकीत येत असेल तर त्याचे हाल विचारू नका. शिवाय बिलिरुबिन उजेडात मोडतं, उघड्यावर राहिलेल्या नळीत ते कमी भरतं. तालुक्याला रक्त देत असाल तर तिथे दोनच प्रश्न विचारा: सिरम इथेच वेगळं करता की तसंच पाठवता? आणि आइस पॅकच्या डब्यातून जातं का? अमोनियाची तपासणी लिहून दिली असेल तर बाहेरगावी रक्त देऊच नका. ती बर्फात ठेवून लगेच करायची असते, उशीर झाला की आकडा आपोआप चढतो.

रिपोर्ट खालून वर वाचा

हे माझं स्वतःचं मत, पण त्यावर मी ठाम आहे. आधी अल्ब्युमिन बघा. ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर हे साधारण प्रमाण. ते लिव्हर बनवतं आणि रक्तात त्याचं अर्धं आयुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) तीनेक आठवडे असतं, म्हणून ते हळू उतरतं. कमी आलं तर दुखणं जुनं असण्याची शक्यता वाढते. अर्थात किडनीवाटे प्रोटीन जात असलं, फार दिवस ताप-जंतुसंसर्ग असला किंवा खाणंच तुटलं असलं तरी ते उतरतं, त्यामुळे लघवीची तपासणीही बघावी लागते.

मग आयएनआर. रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हरच बनवतं, आणि त्यातल्या सातव्या घटकाचं अर्धं आयुष्य जेमतेम सहा तासांचं. लिव्हर आज बिघडलं तर आयएनआर एक-दोन दिवसांत सांगतो, अल्ब्युमिनला कळायला आठवडे लागतात. साधारण एकच्या आसपास असतो. वाढला तर डॉक्टर कधी कधी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला सांगतात. आकडा खाली आला तर पित्त अडल्यामुळे व्हिटॅमिन शोषलं जात नव्हतं, असा अर्थ निघतो. हलला नाही तर लिव्हरच थकलं आहे. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर गोळीमुळेच वाढलेला असतो, ते आधी सांगा.

नंतर बिलिरुबिन, आणि त्यातही डायरेक्ट किती आणि इनडायरेक्ट किती. एकूण १.२ मिलीग्रॅमपर्यंत ठीक. डोळे पिवळे दिसायला लागतात ते साधारण अडीच-तीनच्या पुढे. इनडायरेक्टच वाढलं असेल तर गिल्बर्ट किंवा तांबड्या पेशी फुटण्याचा आजार, आणि अशा वेळी लघवीला पिवळाजर्द रंग येत नाही, कारण इनडायरेक्ट बिलिरुबिन किडनीतून गाळून जातच नाही. डायरेक्ट वाढलं, लघवी चहासारखी, शौच पांढुरकी आणि अंगाला खाज, सोबत अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं, असं असेल तर पित्ताच्या वाटेत खडा किंवा गाठ आहे का ते सोनोग्राफीत बघतात. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येतं. वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर बायका यांच्यात ते जास्त असणारच. शंका असेल तर जीजीटी लावायची. तीही वाढलेली असली तर उगम लिव्हरकडचा.

एसजीओटी-एसजीपीटी सगळ्यात शेवटी. दोन्ही साधारण चाळीसच्या आत. ६०-७० आलं म्हणजे आभाळ कोसळलं नाही. पोट सुटलेल्या, साखर असलेल्या माणसात फॅटी लिव्हरमुळे असे आकडे सर्रास येतात. हजाराच्या पुढे गेले तर हिपॅटायटिस ए, ई, बी (विषाणूंमुळे लिव्हरला येणारी सूज), एखाद्या औषधाचा दणका किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं यांचा विचार होतो. दारूच्या लिव्हरला बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट-अडीचपट असतं आणि तरीही तीनशेच्या वर फारसं जात नाही. आणि आकडा नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये फुटायला पेशीच कमी उरतात, एसजीपीटी ३० येतं आणि पोटात पाणी असतं.

याचंच एक भयंकर रूप तीव्र कावीळीत दिसतं. एसजीपीटी दोन हजारांवरून तीनशेवर आलं म्हणून घरचे पेढे आणायला निघतात, पण त्याच वेळी बिलिरुबिन चढतंय, आयएनआर चढतोय, रुग्ण झोपेत बडबडतोय किंवा भलतंच बोलतोय. तो बरा होत नसतो. तिथे पुढच्या रिपोर्टची वाट बघायची नसते, मोठं हॉस्पिटल गाठायचं.

कावीळ, गंधक आणि माळ

आजही कावीळीच्या लघवीत बाइल सॉल्ट बघायला आम्ही हे'ज टेस्ट करतो. छोट्या ग्लासात लघवी घ्यायची, वरून चिमूटभर गंधकाची पूड भुरभुरायची आणि हात न लावता बघत राहायचं. साध्या लघवीवर पूड पिवळ्या सायीसारखी तरंगत राहते. पित्ताचे क्षार असले की पृष्ठताण मोडतो आणि ती पूड धुक्यासारखी खाली उतरायला लागते, थोड्या वेळात तळाशी बसते. दोन रुपयांची तपासणी, पण नव्या पोरी शिकायला आल्या की मी ती आधी दाखवते, कारण मशीनच्या छापील आकड्यात हे दिसत नाही.

कावीळ उतरवणाऱ्यांकडे लोक जातात, माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'बघा कावीळ निघाली' म्हणतात. त्यात झाडाच्या सालीचा रस आणि चुना यांचा खेळ असतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होतं. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय माळेला मिळतं. मला राग माळेचा नाही. राग येतो तो त्या नादात आयएनआर न केल्याचा, आणि दंडावर डाग देण्याचा. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, घरोघरी पिंप भरून ठेवलेली असतात, आणि ए व ई दोन्ही दूषित पाण्यातून पसरतात. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घालवू नका. हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेततो.

बरं होत असतानाही एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. लघवी साफ झाली, भूक लागली, तरी डोळे पिवळेच. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतो आणि अल्ब्युमिनच्याच संथ गतीने जातो. त्यापायी रोज बिलिरुबिन करून पैसे घालवू नका.

बी आणि सी

एसजीपीटी कशामुळेही वाढलेलं असो, एकदा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी) करून घ्या. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिलं तर हिपॅटायटिस बी जुनाट झाला असं धरतात. अँटी-एचसीव्ही मात्र आजार बरा झाला तरी बहुधा पॉझिटिव्हच राहतं, म्हणून एचसीव्ही आरएनए करूनच ठरवायचं की विषाणू आत्ता अंगात आहे का. सी वर आता गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि बहुतेक पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात बी आणि सी च्या तपासण्या-औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. खासगीत हजारो रुपयांच्या आरएनएला होकार देण्याआधी सिव्हिलमध्ये चौकशी करा. घरात एक जण बी पॉझिटिव्ह निघाला की बाकीच्यांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, वस्तरा आणि ब्रश वेगळे ठेवा.

कागद-पेन घेऊन एक हिशेब

फॅटी लिव्हर किंवा जुनाट हिपॅटायटिस असेल तर लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज एका साध्या गणिताने निघतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ.

समजा एका गृहस्थांचं वय ४५, एसजीओटी ३८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वर ४५ गुणिले ३८ म्हणजे १७१०. खाली २४० गुणिले ८, १९२०. उत्तर ०.८९. दुसरे ५४ वर्षांचे, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ५८ हजार. वर ३३४८, खाली १५८ गुणिले ७ म्हणजे ११०६. उत्तर ३.०३. पहिल्याचं एसजीपीटी जास्त, तोच रात्रभर झोपत नाही. पण १.३ च्या खाली असलेल्याला कडकपणाची शक्यता कमी आणि २.६७ च्या वर असलेल्याला जास्त. फायब्रोस्कॅनला (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला हवं ते दुसऱ्या गृहस्थांनी, ज्यांच्या रिपोर्टवर प्लेटलेट 'नॉर्मल' असाच शेरा आहे. लिव्हर कडक झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात, म्हणून दर वर्षी हळूहळू उतरणाऱ्या प्लेटलेटकडे लक्ष ठेवा.

हे गणित ३५ च्या खालच्यांना फारसं लागू पडत नाही, ६५ च्या वरच्यांसाठी १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात, आणि ताजी कावीळ चालू असताना करूच नये. शिवाय काहींच्या प्लेटलेट जांभळ्या नळीत एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. आकडा अचानक पडलेला दिसला तर 'स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघितलात का?' एवढं विचारा.

पुन्हा पुन्हा तपासताना

लॅब बदलू नका. मशीन आणि पद्धत बदलली की आकडा थोडा सरकतो आणि तुम्ही उगाच 'वाढलं-कमी झालं' करत बसता. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफवर विसंबू नका. पाच वर्षांपूर्वीचं अल्ब्युमिन ४.४ होतं आणि आज ३.४ आहे, हे डॉक्टरांना त्या फाइलशिवाय कळणार नाही.

टीबीची औषधं चालू असताना मळमळ-उलटी होत असेल आणि एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट असेल, किंवा काही त्रास नसतानाही पाचपट असेल, तर डॉक्टर बहुधा गोळ्या थांबवतात. तो निर्णय त्यांनाच घेऊ द्या, मनाने टीबीची गोळी बंद करू नका. दारू सोडलेल्याचं जीजीटी काही आठवड्यांत उतरायला लागतं. बायकोला दाखवायला याहून चांगला कागद नाही. फॅटी लिव्हरवाल्यांनी महिन्या-महिन्याला एसजीपीटी करण्यापेक्षा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि वजन बघावं. आणि 'सत्तर तपासण्या, खास ऑफर' अशी पॅकेजं? निम्म्या तपासण्या तुमच्या कामाच्या नसतात आणि पीटी-आयएनआर त्यात बहुधा नसतंच.

सिरोसिस ठरलेला असेल तर कॅन्सर लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी करायची असते, बरं वाटत असलं तरी. एएफपी कधी पण द्या. सोनोग्राफीला मात्र खरंच उपाशी जा, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि गॅसने अर्धं लिव्हर झाकलं जातं. सकाळचा पहिला नंबर घ्या.